अंगठ्याला कळणारा फोन

गेल्या अंकात जुन्या फोनच्या देखभालीबद्दल लिहिताना मी ओघात म्हणून गेले होते, की या सदराचा पहिला खर्डा मी आजही सरकत्या कीबोर्डच्या फोनवर लिहिते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. म्हणून या वेळचं सदर त्याच फोनचं, म्हणजे स्लायडरचं: पडदा सरकवला की खालून खऱ्या बटणांचा कीबोर्ड निघतो तो. असे फोन दुरुस्तीला माझ्याकडे येतात आणि एक माझ्या रोजच्या वापरातही आहे, त्यामुळे दोन्ही अंगांनी बोलता येईल. आधी पत्रातला प्रश्न, खाली माझं उत्तर.

मी निवृत्त लघुलेखक आहे. सारी नोकरी टाइपरायटरवर गेली. आता काचेवर टाइप करताना बोट एका अक्षरावर ठेवतो आणि उमटतं शेजारचं. हाताला थोडा कंपही आहे. भाची तिचा जुना फोन द्यायला तयार आहे. पडदा बाजूला सरकवला की खाली कीबोर्ड निघतो. तो आज रोजच्या कामाला चालेल का?

काका, जरूर घ्या. तुमच्यासारख्यांसाठी या फोनची खरी गंमत अशी, की बटणावर बोट टेकलं म्हणजे बटण दाबलं गेलं असं होत नाही. काचेवर स्पर्श झाला की अक्षर उमटलंच. इथे अंगठा बटणावर ठेवून थांबता येतं, कडा चाचपता येते, शेजारी सरकता येतं आणि खात्री झाली की मग दाबायचं. कंप असलेल्या हाताला एवढी उसंत पुरते. टाइपरायटरवर तुम्ही कळफलकाकडे बघत नव्हता, ती सवय इथे महिन्याभरात परत येईल. फक्त दहा बोटांचं काम दोन अंगठ्यांकडे येतं.

दुसरी गोष्ट पडद्याची. साधा फोन आडवा धरला की काचेवरचा कीबोर्ड निम्म्याहून जास्त पडदा खातो आणि लिहिलेल्याच्या दोन-तीन ओळीच दिसतात. इथे अख्खा पडदा तुमच्या मजकुराला मोकळा राहतो. लांब पत्र लिहिताना हा फरक फार जाणवतो. आधीचा परिच्छेद डोळ्यासमोर असतो.

आता अडचणी. पहिली नेटवर्कची. या जातीचे बहुतेक फोन २००८ ते २०१२ या काळातले, म्हणजे २जी आणि ३जीवर चालणारे. अनेक देशांत ३जी बंद झालं आहे, काही ठिकाणी २जीही. तेव्हा भाचीकडून फोन घेण्याआधी तुमचं सिम त्यात घाला आणि एक फोन लावून बघा. फोन ४जीचा असला तरी त्यावर आवाजाचा कॉल जाईलच असं नाही. ४जीवरून कॉल करण्याची सोय फोनमध्ये असावी लागते आणि तुमच्या कंपनीला तो फोन मान्यही असावा लागतो. म्हणून कॉल लावूनच बघा.

दुसरी अडचण इंटरनेटची. सुरक्षित जोडणीची आजची पद्धत अँड्रॉइड ५.० च्या आधीच्या फोनांना एक तर येत नाही किंवा त्यांच्यात बंद असते. त्यामुळे ब्राउझर उघडतो, पण पान येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपही २०२३ च्या ऑक्टोबरपासून अँड्रॉइड ५.० च्या आधीच्या फोनांवर चालत नाही. बँकेचं काम तर अशा फोनवर करूच नका; ज्याला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालंय त्याच्या हाती पैशाच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा. फोन, संदेश, बँक यासाठी हल्लीचा फोन खिशात राहू द्या. हा दुसरा फक्त लिहायला ठेवा, सिम नसलं तरी चालेल. लिहिलेलं ब्लूटूथने, केबलने किंवा मेमरी कार्डने दुसरीकडे नेता येतं. घरच्या वाय-फायला तो जोडला जात नसेल तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे का आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ या जुन्या पद्धतीवर आहे का ते बघायला सांगा. यातले बरेच फोन ५ गिगाहर्ट्झ किंवा डब्ल्यूपीए३ ओळखत नाहीत, आणि घरची मंडळी उगीच फोनला दोष देतात.

माझ्या स्लायडरचा पडदा मिटलेला असताना उत्तम चालतो. उघडत नेला की आधी रेघा येतात आणि पूर्ण उघडला की काळा होतो. अर्धवट मिटवला की परत येतो. दुकानदार म्हणतो, पडदा गेलाय, नवीन टाका. टाकू का?

टाकू नका. निदान आत्ताच नको. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निदान आहे. खराब झालेला पडदा मिटलेल्या फोनमध्येही खराबच दिसतो. उघड-मीट करण्यावर अवलंबून असलेला बिघाड बहुतेक वेळा दोन भागांना जोडणाऱ्या पट्टीचा असतो. तिला आम्ही फ्लेक्स म्हणतो.

अशा बहुतेक फोनांत मुख्य बोर्ड, बॅटरी आणि कीबोर्ड खालच्या भागात असतात. वरच्या भागात पडदा, टच, कानाचा स्पीकर आणि असला तर पुढचा कॅमेरा. खालून वर जे काही जायचं ते सगळं या एका पट्टीतून जातं. कागदाइतकी पातळ, पिवळसर तपकिरी, आत केसासारख्या तांब्याच्या रेघा. फोन मिटलेला असतो तेव्हा ती इंग्रजी ‘यू’सारखी दुमडून बसते आणि उघडताना त्या दुमडीची जागा पट्टीवरून पुढे सरकत जाते. म्हणजे प्रत्येक उघड-मिटीत तांबं थोडं वाकतं आणि सरळ होतं. वर्षानुवर्षं असं झालं की एखाद्या रेघेला तडा जातो. दुमड एका जागी असताना तड्याची दोन टोकं टेकलेली असतात आणि चित्र येतं. दुमड सरकली की टोकं सुटतात आणि पडदा काळा. तुमच्या फोनमध्ये नेमकं हेच चाललंय.

खात्री करायची असेल तर फोन अगदी हळू, केसभर केसभर उघडा आणि कुठे रेघा सुरू होतात ते बघा. दर वेळी त्याच जागी होत असेल तर शंका नको. उघडा ठेवून टच आणि कानाचा स्पीकरही तपासा. तेही त्याच जागी गप्प होत असतील तर दोष पट्टीतच. काळा पडलेला असताना एखादं बटण दाबून बघा. कीबोर्डचा दिवा लागला, बटणांचा आवाज आला तर खालचा बोर्ड ठणठणीत आहे.

पट्टी बदलता येते, पण काम नाजूक आहे. पडदा आणि सरकपट्टी (पडदा ज्यावर सरकतो तो सांगाडा) पूर्ण सुटी करावी लागते आणि नवी पट्टी बसवताना दुमड जुनीसारखीच पडली पाहिजे. उलटी किंवा घट्ट दुमडली तर ती लगेच तुटते. त्यामुळे कारागिराला सरळ विचारा, ‘स्लायडर उघडलाय का आधी?’ तो अडखळला तर दुसरा शोधा. नवी पट्टी मिळाली नाही तर त्याच मॉडेलचा बंद पडलेला, पण कमी वापरलेला फोन मिळतो का बघा. त्यातली पट्टी उपयोगी पडते.

आणि या निमित्ताने सगळ्यांनाच सांगते: बोलता बोलता, विचार करता करता फोन खटक-खटक उघडमीट करत बसू नका. मला माहीत आहे की तो खटका फार सुखाचा असतो. अर्ध्यापर्यंत आपण ढकलतो आणि पुढे आतली स्प्रिंग पडदा स्वतः ओढून नेते, हाताला ते आवडतं. पण प्रत्येक खटक्याला ती पट्टी वाकते. सरकपट्टीत तेलही घालू नका. तेलात धूळ चिकटून मळ होतो आणि तो थेट पट्टीवर घासतो. कोरडा मऊ ब्रश पुरतो.

कीबोर्डवरची तीन बटणं एकदम बंद पडली: दोन वरच्या ओळीतली, एक खालची. पाणी पडलेलं नाही. एकेक बटण साफ करून घ्यावं का?

एकच बटण गेलं असतं तर हो म्हटलं असतं. प्रत्येक बटणाखाली धातूची छोटी फुगीर चकती असते. ती दबली की खालचे दोन संपर्क जोडले जातात. घाण बसली की ते एक बटण कुरकुरतं, दोनदा उमटतं किंवा जोर मागतं. तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केलं की बरं होतं.

पण तीन एकदम गेली म्हणजे गोष्ट वेगळी. बटणं एकेकटी जोडलेली नसतात, जाळीत असतात. आडव्या तारा, उभ्या तारा, आणि जिथे दोन छेदतात तिथे एक बटण. एक तार तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात. ही जाळी डोळ्यांना दिसणाऱ्या ओळींप्रमाणे आखलेली असतेच असं नाही, म्हणून तुमची तीन बटणं विखुरलेली दिसतात. साफसफाईवर खर्च करू नका. कीबोर्डच्या पटलाचा जोड बोर्डवर नीट बसलाय का एवढं आधी पाहून घ्या. कितीदा तरी फोन पडून तो जोड नुसता निसटलेला असतो.

मी विद्यार्थिनी आहे. व्याख्यानाच्या नोंदी स्लायडरवर घेते. वेग चांगला आहे, पण अंगठ्यांच्या मुळाशी दुखतं.

तू फोन बहुधा तळहातांत आवळून धरतेस आणि अंगठे आकसून मधल्या बटणांपर्यंत नेतेस. भार मागच्या बोटांवर टाक: मधलं बोट आणि अनामिका फोनच्या पाठीशी, तर्जन्या वरच्या कडेला टेकलेल्या, करंगळी खालून आधाराला. अंगठे मग मोकळे राहतात. बटण अंगठ्याच्या पेराने दाबू नकोस, टोकाजवळच्या भागाने दाब, आणि तळ लागेपर्यंत रेटू नकोस. चकती ‘टक्’ झाली की अक्षर उमटलं, पुढचा सगळा जोर फुकट. शक्य असेल तिथे फोन वहीवर टेकव, अधांतरी धरू नकोस.

शिफ्ट आणि एफएन (बटणावरचं दुसरं चिन्ह उमटवणारं बटण) दाबून धरायची गरज बहुतेक फोनांत नसते. एकदा दाबून सोडलं की पुढच्या एका अक्षराला लागू, दोनदा दाबलं की कुलूप. हे एक लक्षात ठेवलंस तरी अंगठ्यांचा ताण कमी होईल, कारण सगळ्यात वाईट ताण एक बटण धरून दुसरं गाठताना येतो. बाण असलेला फोन असेल तर दुरुस्तीसाठी काचेवर बोट मारत बसू नकोस. बाणाने एकेक अक्षर मागे जाता येतं, आणि शिफ्टबरोबर बाण दाबला की मजकूर निवडला जातो. नोकियाच्या एन९०० वर कंट्रोल आणि सी, एक्स, व्ही ही संगणकावरचीच बटणं चालतात. जुन्या अँड्रॉइडवर कंट्रोलच्या जागी मेन्यू.

हे करूनही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखव. सवयीने जाईल म्हणून अंगावर काढू नकोस.

स्लायडरवर मराठी कसं लिहायचं? बटणांवर तर रोमन अक्षरंच आहेत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता आणि माझ्याही जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फोन देवनागरी नीट दाखवतो का ते बघा. अँड्रॉइड ४.० च्या आधीच्या बऱ्याच फोनांवर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, किंवा वेलांटी एकीकडे आणि अक्षर भलतीकडे. तिथे मराठीचा हट्ट सोडा; रोमनमध्ये लिहा आणि संगणकावर नेऊन देवनागरी करा.

देवनागरी दिसत असेल तर दोन वाटा आहेत. एक उच्चारानुसार: रोमनमध्ये टाइप करायचं, देवनागरी उमटतं. यात मेख अशी, की बरीच मराठी कीबोर्ड अ‍ॅप हे रूपांतर फक्त काचेवरच्या आपल्या बटणांसाठी करतात. खऱ्या बटणांवरून आलेलं रोमन तसंच पुढे सोडून देतात. म्हणून अ‍ॅप बसवल्याबरोबर आधी खऱ्या बटणांनी दोन शब्द लिहून बघा.

दुसरी वाट इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाची, आणि मला तीच प्रिय आहे. डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मराठीत व्यंजन आणि स्वरचिन्ह आलटून पालटून येतात, त्यामुळे उजवा अंगठा, डावा अंगठा, उजवा, डावा अशी लय आपोआप लागते. दोन अंगठ्यांसाठी याहून चांगली मांडणी मी पाहिलेली नाही. ‘के’वर क, शिफ्ट केलं की ख, ‘आय’वर ग, शिफ्ट केलं की घ. ‘जे’वर र आणि शिफ्टला ऱ, म्हणजे ‘वाऱ्यावर’ लिहायला कसरत नाही. ‘एन’च्या शिफ्टला ळ.

पण संगणकावरच्या इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ड आणि य ही अक्षरं रोमन अक्षरांच्या बटणांवर नाहीत. ती उजवीकडच्या विरामचिन्हांवर आहेत: अर्धविराम, अवतरण, चौकटी कंस आणि तिरपी रेघ. ‘ऑ’ची खूणही तशीच एका चिन्हावर. स्लायडरवर ही चिन्हं बहुधा एफएनखाली दडवलेली असतात किंवा नसतातच. ‘य’शिवाय मराठीचं एक वाक्य पुरं होत नाही, त्याला दर वेळी एफएन दाबायचं म्हणजे लयीचा बोजवारा.

माझ्या फोनला पाच ओळी आहेत, सगळ्यात वर आकडे. मी मांडणी बदलून ७, ८, ९ आणि ० वर अनुक्रमे च, ट, ड, य बसवले आणि ६ वर ‘ऑ’ची खूण. आकडे एफएनबरोबर. मजकुरात आकडे किती येतात? ‘य’ मात्र ओळीओळीला लागतो. अँड्रॉइड ४.१ पासून खऱ्या कीबोर्डसाठी वेगळी मांडणी अ‍ॅपमधून बसवता येते. एन९०० सारख्या लिनक्सवरच्या फोनांत मांडणीची फाइलच बदलता येते. पहिल्या आठवड्यात बटणांच्या कडेला चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून अक्षरं लिहून ठेवा. नंतर ते आपोआप निघून जातात आणि उणीव भासत नाही. तीनच ओळींचा फोन असेल तर ही सोय होणार नाही, मग उच्चाराची वाट बरी.

फोन चामडी पाकिटात असताना आपोआप पडदा उजळतो. कधी उघडल्यावर आडवा होत नाही. सॉफ्टवेअर बिघडलं का?

पाकीट बदलून बघा. फोन उघडला की मिटलेला हे अनेक स्लायडरांत एका भागातलं छोटं चुंबक आणि दुसऱ्या भागातला चुंबक ओळखणारा सेन्सर ठरवतात. पाकिटाच्या झाकणात चुंबकाची कळ असेल तर फोनला आपण उघडलो असं वाटतं. साध्या कापडी पिशवीत ठेवून चार दिवस बघा.

बटणांवरची अक्षरं पुसली गेली. पुन्हा छापून मिळतात का?

छापून घेण्याच्या भानगडीत पडू नका, रंग महिन्यात उडतो. अंगठ्यांना जागा पाठ असतील. नसतील तर फोनचं स्पष्ट छायाचित्र छापून जवळ ठेवा.

जुना स्लायडर कपाटातून काढला तर मागचं झाकण फुगलेलं. चार्ज करून बघू?

अजिबात नाही. बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. बॅटरी निघणारी असेल तर अलगद काढा, जळणार नाही अशा जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. निघत नसेल तर फोन तसाच कारागिराकडे न्या.

नवी बॅटरी घेताना फोनचं नाव शोधण्याऐवजी बॅटरीवरचा क्रमांक शोधा. उदाहरणार्थ, एन९०० ची बीएल-५जे ही बॅटरी नोकियाने ५८०० एक्स्प्रेसम्युझिकमध्ये आणि पुढे ल्युमिया ५२० मध्येही वापरली, त्यामुळे ती अजून सापडते. आणि पुढच्या वेळी फोन ठेवून देताना निम्मा चार्ज करून, बॅटरी बाहेर काढून ठेवा.

इतके सोयीचे फोन कंपन्यांनी बंद का केले? आज नवा घ्यायचा तर काय आहे?

आज विश्वास बसणार नाही, पण बाजारात आलेला पहिला अँड्रॉइड फोन स्लायडर होता. २००८ च्या ऑक्टोबरमधला टी-मोबाइल जी१, एचटीसीने बनवलेला. सुरुवातीला त्यात काचेवरचा कीबोर्ड नव्हताच. एक शब्द लिहायचा तरी पडदा सरकवावा लागे. काचेवरचा कीबोर्ड २००९ मध्ये १.५ या आवृत्तीबरोबर आला. मग मोटोरोला ड्रॉइड, नोकियाचे एन९७ आणि एन९००, पडदा वरच्या बाजूला सरकणारा पाम प्री, २०१० चा ब्लॅकबेरी टॉर्च.

पुढे पडदे मोठे झाले आणि काचेवर बोट ओढून शब्द लिहायची सोय आली. स्लायडर मुळात दोन थरांचा, म्हणून जाड. हलते भाग जास्त, म्हणून दुरुस्त्या जास्त. आणि कारखान्याच्या दृष्टीने सगळ्यात अवघड म्हणजे प्रत्येक भाषेला वेगळा छापील कीबोर्ड लागतो. काचेवर तोच एका अपडेटने बदलतो. ही कारणं मला पटतात. पण ज्यांना लिहायचं असतं त्यांच्यासाठी एक तरी मॉडेल चालू ठेवायला हवं होतं, असं मला अजूनही मनापासून वाटतं.

त्यानंतर २०१५ चा ब्लॅकबेरी प्रिव्ह आला. त्याच्या बटणांवरून नुसतं बोट फिरवलं तरी पान सरकतं. २०१९ चा एफएक्सटेक प्रो१ पाच ओळींच्या कीबोर्डचा, आणि २०२२ चा प्लॅनेटचा अ‍ॅस्ट्रो स्लाइड ५जीचा. यातला कुठलाही सहज मिळेल अशी आशा धरू नका. वापरलेलाच घ्यावा लागेल.

वापरलेला घेताना एवढं बघा. पडदा पूर्ण उजळ ठेवून हळू उघडा, हळू मिटवा. मध्ये कुठेही रेघ, लुकलुक दिसता कामा नये. उघडा असताना पडद्याची कोपऱ्याकडची कड दोन बोटांत धरून हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड चालत नाही. फोनमधली नोंदवही उघडून प्रत्येक बटण, शिफ्ट आणि एफएनसकट, एकदा दाबा. अंधारात नेऊन बटणांखालचे दिवे बघा. चार्जरची पिन घालून अगदी हलकेच हलवा, चार्जिंग तुटायला नको. शेवटी स्वतःचं सिम घालून एक कॉल. विकणारा यातलं काही करू देत नसेल तर तो फोन घेऊ नका.